झाडणीचा बोनस

बळीरामजी गावंडे रागीट होते, हे दिग्रसमध्ये कोणाला सांगावं लागत नसे. शेठच्या जिनिंगमध्ये त्यांनी तीस हंगाम मॅनेजरी केली. सकाळी भोंगा आधी वाजतो की बळीरामजींचा आवाज आधी येतो, यावर फिटर लोक चहाची पैज लावत. कोणी रुईच्या ढिगाजवळ विडी काढली, कोणी ओला कापूस कोरड्यात ढकलला, की यांचा पारा चढलाच. घरी बायकोशी नीट बोलायचे नाहीत, देवळात जायचे नाहीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्यावर ओरडायचे. हे सगळं त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. कारण एका बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायची कोणाची हिंमत नव्हती. या माणसाने कोणाचा पैसा कधी खाल्ला नव्हता.

त्यामुळे १९६३ च्या जून महिन्यात, रिटायर होऊन पुरते तीन महिने होत नाहीत तोच, कौसल्याबाई आठवडी बाजारातून परत आल्या आणि रिकामी पिशवी त्यांच्या पुढ्यात टाकून उभ्या राहिल्या, तेव्हा बळीरामजींना आधी काही समजलंच नाही.

"भाजी नाई आनली?"

"आनली असती. लालीबाई बसली होती वांगे घेऊन. म्या भाव इचारला तं म्हन्ते, मनिजरीनबाई, तुमाले भाव कायले पायजे? आमच्या झाडणीचे पैसे घरात हायेत, त्यातूनच घ्या. साऱ्या बाजारादेखत म्हनली."

"कोन लालीबाई?"

"तुमच्याच मिलमंदली रेजा. तांड्यावरची. आता मले सांगा, घरात हायेत काय ते पैसे?"

बळीरामजी ताडकन उठले. लालीबाई काय म्हणाली ते त्यांना एवढं लागलं नाही. बायकोचा शेवटचा प्रश्न लागला.

"तू मले इचारून राह्यली? तू?"

"मंग कोनाले इचारू?" कौसल्याबाई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. त्या दिवशी नुसत्या वरणावर जेवण झालं.

झाडणीची गोष्ट अशी. हंगामभर रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालले की रुईचा फुफाटा उडतो. तो जमिनीवर बसतो, खांबांवर बसतो, आढ्यावर चिकटतो, पायदळी येतो. गाठी बांधायला ती रुई चालत नाही. हंगाम संपला की मिलमधल्या बाया, म्हणजे रेजा, दोन-तीन दिवस लागून सगळी शेड झाडून काढत, आढ्यावर चढत, कोपरे खरवडत. नाकातोंडात कापूस जाऊन पुढे आठवडाभर खोकत. ती झाडलेली रुई गादीवाले घेऊन जात आणि तिचे पैसे रेजांचे. मोठ्या शेठच्या, म्हणजे आताच्या शेठच्या बापाच्या, वेळेपासून हे चालत आलं होतं. हमाल, फिटर, कोणी पुरुष त्या पैशांकडे पाहत नसे. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी ते हातात पडत आणि माहेरी आलेल्या पोरीला लुगडं, नातवाला अंगरखा त्यातून होई.

आता पेढीवर पावती तर लागणार. तीस-बत्तीस बायांचे अंगठे कोण घेत बसणार, म्हणून जुन्या मुनीमाने कधीतरी ठरवून टाकलं की एकच पावती करायची, तिच्या महसुली तिकिटावर मॅनेजरने सही करायची आणि पैसे त्यानेच वाटायचे. तेही पुन्हा कसं, तर सही मार्चअखेर हिशेब बंद होताना आणि पैसे नंतर, गादीवाल्यांनी माल उचलला की. आधी सही आणि मागून पैसे. कोणी याला चूक म्हटलं असतं तर बळीरामजींनी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. दरसाल सही केली होती आणि दरसाल पैसे आले होते.

या साली मार्चअखेरीलाच त्यांचा निरोपसमारंभ होता. शेठने हार घातला, शाल दिली, नारळ दिला, फोटोवाला बोलावला. मुनीमाने त्या गडबडीत पावती पुढे सरकवली आणि बळीरामजींनी गळ्यातला हारसुद्धा न काढता सही ठोकून दिली. वर काय लिहिलंय ते पाहिलं नाही. कधीच पाहत नसत. मग अखजी आली आणि गेली. बळीरामजी पेढीवर विचारायला गेले तर मुनीम म्हणाला, "माल उठला नाही अजून, भाव पडलेत." त्यांनी तेच रेजांची मुकादम तानाबाई हिला सांगितलं. थांबा, येतील. तानाबाई थांबली. मे महिना गेला आणि त्यानंतर रेजा रस्त्यात त्यांना पाहून बाजूने जायला लागल्या, तेव्हा बळीरामजींना वाटलं की आता आपण मॅनेजर नाही म्हणून या माजल्या.

बाजारातला तो प्रकार झाला त्याच आठवड्यात इन्कमटॅक्सची नोटीस आली. विवरणपत्र भरा, नाहीतर दंड. बळीरामजी चक्रावले. त्यांचा पगार कर बसण्याइतका कधीच नव्हता. त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली, सकाळची एस.टी. धरली आणि आर्णीवरून यवतमाळला घनश्याम वकिलांकडे गेले. हे वकील दिग्रसच्या अर्ध्या व्यापाऱ्यांची इन्कमटॅक्सची कामं करत.

वकिलांनी चष्मा लावून कागद चाळले.

"पगार तुमचा मर्यादेच्या आतच आहे, बळीरामजी. पण मिलने इन्कमटॅक्सच्या साहेबांकडे जी माहिती पाठवली आहे, तिच्यात पगाराखाली आणखी एक रक्कम दिसते. अकराशे चाळीस रुपये. किरकोळ बोनस. ती धरली की तुम्ही मर्यादेबाहेर जाता. इतर उत्पन्नात दाखवावी लागेल आणि कर भरावा लागेल. फार नाही, तीस-पस्तीस रुपये."

"कोनता बोनस?"

"तुम्हाला मिळालेला. निवृत्तीच्या वेळचा. एकतीस मार्चची पावती आहे म्हणतात, तिकिटावर तुमची सही आहे."

एकतीस मार्च म्हणजे निरोपसमारंभाचा दिवस, हार गळ्यात असताना ठोकलेली सही. बळीरामजींच्या ध्यानात आलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो बोनस नाई! ते झाडणीचे पैसे! रेजांचे! आन् मले त्यातला येक नवा पैसाबी भेटला नाई!"

वकिलांचा कारकून दारातून डोकावून गेला. वकिलांनी त्यांना पाणी दिलं, रीत काय ती विचारून घेतली आणि मान हलवली. मग लहान पोराला समजवावं तसं समजावून सांगितलं. बोनस दिला असं दाखवलं की तो मिलचा खर्च. खर्च वाढला की नफा कमी, आणि नफा कमी झाला की शेठचा कर कमी. पैसे मात्र तिजोरीतून हललेच नाहीत.

"असे आणखी किती बोनस त्यांनी दाखवलेत कोण जाणे," वकील म्हणाले. "आता तुमच्यापुढे दोन वाटा. मिळाले असं लिहा, कर भरा, विषय संपला. नाहीतर मिळाले नाहीत असं लिहा. मग साहेब तुम्हाला बोलावतील, सही कशी केली ते विचारतील. तुमची ही रीत सांगणारं कोणी लागेल. आणि मला शेठजींना कळवावं लागेल, तेही माझेच अशील आहेत."

"कळवा. आजच कळवा," बळीरामजी म्हणाले. "मले भेटले नाईत. असंच लिहा."

परतीच्या एस.टी.त ते उभ्यानेच आले. बसायला जागा होती, पण बसवेना. तीन महिने! तीन महिने आपण गावात ताठ मानेने फिरत होतो आणि मागे तीस घरांत आपल्या नावाने बोटं मोडली जात होती. आणि हे सगळं कोणासाठी, तर ज्याच्यासाठी रात्रंदिवस ओरडून आवाज बसवून घेतला त्या माणसासाठी. दिग्रसला उतरले ते घरी न जाता सरळ पेढीवर गेले.

शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. मागे भिंतीवर नवा फोटो लावला होता. चीनच्या लढाईच्या फंडाला शेठ चेक देत आहेत आणि कलेक्टर हसत आहेत. शेजारी मुनीम.

"आवो, आवो बळीरामजी. चाय मंगाऊ?"

"झाडणीचे पैसे काढा."

शेठ हसले. "अरे भाई, झाडण किसकी? कापूस माझा, रुई माझी, जमीन माझी. मग जमिनीवर पडलेली रुई कोणाची? बाबूजींनी दिलं ते दिलं. त्यांचा जमाना वेगळा होता. रेजाला झाडण्याची रोजी मिळते की नाही?"

"मंग माह्या नावावर कायले टाकले?"

"कुठे तरी तर टाकावे लागतात." शेठने हात हलवला. "तुम्ही असं करा, फॉर्मात लिहून द्या, मिळाले. टॅक्स जो बसेल तो मी भरतो. वरून दोनशे रुपये तुम्हाला. बुढापे में काम येईल."

बळीरामजींचा आवाज तीन महिने कोंडून पडला होता. तो आता असा निघाला, की रस्त्यापलीकडच्या सरकीच्या दुकानातले लोक बाहेर आले.

"तुमच्या बापानं मले मायबहिनीवरून शिव्या देल्ल्या, शेठ! येकदा हंगामात तराजूचं वजन फेकून मारलं! पन त्या मानसानं रेजांच्या झाडणीले कधी हात नाई लावला! तुमी लढाईले चेक देता आन् बायांच्या लुगड्यातले पैसे काढून घेता? दोनशे रुपये मले देता? मले?"

"सही तुमची आहे," मुनीम खाली मान घालून म्हणाला.

बळीरामजी मागे वळले आणि पेढीच्या पायऱ्या उतरले. सही आपलीच होती, तिकिटावर, ठसठशीत, आणि तिचा आला तेवढा राग त्यांना शेठचाही आला नव्हता.

तानाबाईचं घर गावाच्या खालच्या अंगाला होतं. वस्तीत मॅनेजर आलेला पाहून पोरं गोळा झाली. तानाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. ती उठली नाही. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून ती कोणासाठीच उठत नसे, आणि मिलमध्येसुद्धा मॅनेजरशी मान वर करून बोलणारी तीच एक होती. बळीरामजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुनीम, पावती, बोनस, वकील.

तानाबाईने सूप बाजूला ठेवलं.

"सही तुमची हाय काय?"

"हाय. पन आधी सही, मागून पैसे, ही रीत तुले ठाऊक नाई काय?"

"रीत ठाऊक हाय. म्हून तं इचारून राह्यली, पैसे कुठीसा हायेत. आमी पेढीवर गेलतो. मुनीमानं सही दाखवली, म्हने तुमच्या मनिजरनं नेले. तुमी म्हन्ता शेठनं देल्लेच नाईत. शेठपाशी कागद हाय. तुमच्यापाशी काय हाय?"

"माहा शब्द हाय!" बळीरामजी ओरडले. "तीस साल मी तुमाले पैसे वाटले! येक पैसा कमी देल्ला काय कधी?"

"ओरडू नोका," तानाबाई म्हणाली. "हे जिनिंग नव्हे."

पोरं खुदखुदली. बळीरामजींनी ओठ घट्ट मिटले. नोकरीत असते तर या बोलण्यावर हजेरी कापली असती. आता कापायला हातात काही नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की पुढच्या आठवड्यात इन्कमटॅक्सचे साहेब यवतमाळला कॅम्पला येणार आहेत, त्यांच्यापुढे ही रीत सांगायला कोणी तरी पाहिजे.

तानाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"येईन," ती म्हणाली. "जे हाय ते सांगीन. दरसाल आधी सही होते, मंग पैसे येतात, औंदा आले नाईत. बस. कोनं खाल्ले ते मले ठाऊक नाई, ते मी सांगनार नाई. तुमच्याकडून नाई आन् शेठकडूनबी नाई."

ठरल्या दिवशी ती लालीबाईला सोबत घेऊन एस.टी. स्टँडवर आली. बळीरामजी तिकिटाचे पैसे द्यायला लागले तर तिने त्यांचा हात बाजूला सारला आणि कनवटीचे पैसे काढून दोघींची तिकिटं काढली. सबंध प्रवासात दोघी मागच्या बाकावर बसल्या. बळीरामजी पुढे.

साहेबांचा कॅम्प डाकबंगल्यात होता. व्हरांड्यात व्यापारी, वकील, कारकून यांची गर्दी. घनश्याम वकील आत गेले होते. बळीरामजी खांबाला टेकून उभे राहिले आणि काय बोलायचं ते मनात पुन्हा पुन्हा म्हणू लागले. किती दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. आज शेठचं पितळ उघडं पडणार होतं. एक खोटा बोनस सापडला की साहेब बाकीचे शोधणार. मग गावात ज्याला त्याला कळेल की कोण कोणाचं खातं. कौसल्येलाही कळेल.

तेवढ्यात फाटकातून शेठची मोटार आत आली. मोटारीतून एकटा मुनीम उतरला. वकिलांचं पत्र शेठला पोचलं होतं. मुनीम सरळ यांच्याकडे आला, व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेला आणि कोटाच्या आतून रुमालात बांधलेलं नोटांचं पुडकं काढलं.

"अकराशे चाळीस आहेत," तो हळूच म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "पुरे आहेत, मोजून घ्या. रेजांना वाटा. फक्त फॉर्मात लिहा की मिळाले."

बळीरामजी हसले. फार दिवसांनी हसले.

"फाटली ना? आता मी आतमंदी जाऊनच सांगतो. ठेव ते तुझ्यापाशी."

"बळीरामजी, ऐका तरी. शेठजींनी दोनच गोष्टी सांगितल्यात. तुम्हीच वाटायचे, दरसालसारखे, तुमच्या हाताने. पैसे आज पेढीवरून आले हे कोणी बोलायचं नाही. एकतीस मार्चला दिलेले पैसे आज कसे आले, असं कोणी विचारलं तर सगळंच उलटतं. आणि ही गोष्ट बाहेर गेली..." मुनीमाने दोघी बायांकडे पाहिलं. "तर पुढच्या हंगामाला रेजा उमरखेडकडून आणायच्या, असं शेठजींचं म्हणणं आहे. तिकडे कमी रोजीत मिळतात."

"धमकी देते! सायबाच्या दारात उभा राहून धमकी देते!" बळीरामजींनी मुनीमाची कॉलर धरली. "चल आत! चल, सायबापुढे म्हन हे!"

"थांबा," तानाबाई म्हणाली.

ती कधी जवळ येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. ती मुनीमापुढे हात करून उभी राहिली. मुनीमाने पुडकं तिच्या हातात ठेवलं. तिने गाठ सोडली, नोटा पाहिल्या, पुन्हा गाठ मारली आणि ते लालीबाईच्या ओटीत टाकलं.

"आता सही करा," ती बळीरामजींना म्हणाली.

"तुले समजलं नाई काय, तानाबाई? हा मानूस आज सापडला हाय! आता कळलं ना तुले कोनं खाल्ले ते?"

"कळलं." तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुमी नाई खाल्ले. मले कळलं. आता मले सांगा, तुमी आत जाऊन खरं सांगान, मंग काय होईन? सायब शेठवर टॅक्स बसवन. ते पैसे सरकारात जातीन. आमच्या पदरात काय पडन?"

वकिलांनीही बळीरामजींना हे सांगितलं नव्हतं, किंवा त्यांनी विचारलं नव्हतं. मिळाले नाहीत हे सिद्ध झालं की पैसे शेठचे ठरत होते. रेजांचे ठरतील असा रकानाच सरकारच्या फॉर्मात नव्हता.

"आन् पुढच्या हंगामाले आमी कुठीसा जाव?" लालीबाईने ओटी घट्ट धरून विचारलं.

"आन् माहं काय?" बळीरामजींनी मुनीमाची कॉलर सोडली. "मिळाले म्हून मी सही करू? मार्चमंदी घेतले आन् आता वाटतो, असं? मंग त्या साऱ्या जनी काय म्हनतीन? मनिजरनं खाल्ले होते, सायबापुढे उभं केलं तवा ओकले, असंच ना?"

खोटं बोलून त्यांची समजूत काढायची तानाबाईची तयारी नव्हती.

"म्हनतीन," ती म्हणाली. "मी खरं बोलली तं माह्या साऱ्या बायाइची रोजी जाते. तुमचा राग खरा हाय, मनिजरसाहेब. पन तुमाले घर हाय, फंड हाय. रागावर तुमचं भागते. आमचं नाई भागत."

आतून शिपायाने नाव पुकारलं. बळीराम गावंडे.

साहेब तरुण होते, अमरावतीचे. घनश्याम वकील बाजूला उभे. टेबलावर विवरणपत्र होतं आणि इतर उत्पन्नाच्या रकान्यापाशी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलेलं.

"ही किरकोळ बोनसची रक्कम मिळाली नाही असं तुमचं म्हणणं आहे?"

वकिलांनी हातातला कागद सरसावला. बळीरामजींच्या डोळ्यांपुढे शेठचा तो फोटो आला, लोड आला, घाम पुसणारा मुनीम आला. एकदा, फक्त एकदा, तोंड उघडायचं होतं.

"मिळाली," ते म्हणाले.

वकिलांचा हात जागच्या जागी राहिला.

"मग मिळाली नाही असं का कळवलंत?"

"चुकलं."

"चुकलं!" साहेबांनी लेखणी उचलली. "इतकी वर्षं मॅनेजर होता तुम्ही. शिकलेली माणसंच असं करायला लागली तर बाकीच्यांना काय सांगायचं? बोनस घेताना बरं वाटतं, दाखवताना विसर पडतो. या वेळी दंड लावत नाही. वयाकडे पाहून सोडतो. कर मात्र मुदतीत भरा."

वयाकडे पाहून सोडतो! बळीरामजींच्या दाढा एकमेकींवर घासल्या. त्यांनी रकान्यात आकडा भरला, खाली सही केली. पेनाच्या टोकाने कागद थोडा फाटला. साहेबांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि फायलीत घातला. कर त्यांनी स्वतःच्या खिशातून भरला. शेठने त्या करासाठी पाठवलेले पैसे त्यांनी मुनीमाच्या अंगावर फेकून दिले होते.

रविवारी मिलच्या गेटाबाहेर चिंचेखाली वाटप झालं. दरसाल तिथेच व्हायचं. बाया येऊन बसल्या होत्या आणि कुजबुज चालली होती. यवतमाळचं सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे जेवढं कळू दिलं होतं तेवढं. तानाबाई आणि लालीबाई साहेबाकडे गेल्या होत्या, आणि तिथून आल्यावर मॅनेजरकडून पैसे निघाले होते. एवढं कळलं की पुढचं ज्याला त्याला आपोआप समजतं. कौसल्याबाईंनाही तेच समजलं होतं. बळीरामजींनी त्यांना खरं काय ते सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्या ऐकून घेऊन चुलीकडे गेल्या होत्या.

बळीरामजी खुर्चीवर बसले. तानाबाई शेजारी उभी. ते नाव पुकारत, बाई येई, पैसे घेई आणि त्यांच्याकडे न पाहता जाई. दरसाल यातल्या निम्म्या पाया पडत आणि ते त्यांच्यावर खेकसत. औंदा कोणी वाकलं नाही. पेढीच्या खिडकीत मुनीम उभा राहून पाहत होता. बळीरामजींना वाटलं, ही खुर्ची उचलावी आणि त्या खिडकीत फेकावी. त्यांनी पुढचं नाव पुकारलं. हंसाबाई.

हंसाबाई सगळ्यांत जुनी. मोठ्या शेठच्या वेळेपासूनची. कमरेत वाकलेली, एका डोळ्याने अधू. तिने नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या, पदराच्या टोकात बांधल्या आणि मग गेली नाही. त्यांच्यापुढेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बळीरामजींनी तो सहन केला असता. पण ती त्यांच्याकडे मायेने पाहत होती.

"देल्ले तं बरं केलं, बाप्पा," ती म्हणाली. "होते मानसाच्या हातून. पन आता गरिबाचं खाऊ नोका."

तानाबाईने मान झटक्याने वर केली. तिचं तोंड उघडलं. मग तिची नजर पेढीच्या खिडकीकडे गेली आणि तोंड मिटलं. लालीबाई दुसरीकडे पाहू लागली.

बळीरामजींची कानशिलं तापली. छातीत श्वास असा भरला की आता आवाज फुटणार, आणि फुटला की पेढीच्या पलीकडे जाणार. तीस हंगामांत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हंसाबाई उत्तराची वाट पाहत उभी होती.

"नाई खात," ते म्हणाले, आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.